रंगाआधी कापड

वनस्पतींपासून कापड रंगवायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी फुलांकडे जातो. दसऱ्यानंतर उतरवलेली झेंडूची तोरणं, फाल्गुनात झाडाखाली पडलेला पळस, फडताळातली हळद, किसलेलं बीट. पातेलं उकळतं, त्यात पांढरा रुमाल बुडतो आणि रंगही छान येतो. दोन-तीन धुण्यांत तो निघून जातो, आणि नैसर्गिक रंग टिकतच नाहीत असं ठरवून माणूस मोकळा होतो.

पण मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला होता. त्याला चार हजारांहून अधिक वर्षं झाली. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात भारतातून परदेशी जाणारी छापील आणि चितारलेली सुती कापडं आहेत. त्यांच्यावरचा लाल आणि निळा काही शतकं उलटल्यावरही ओळखीचा वाटतो. ते रंगवणाऱ्यांकडे आपल्याला न मिळणारी कुठली वनस्पती नव्हती. कापड रंगात जाण्याआधी त्याचं काय करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हा लेख मुख्यतः त्या आधीच्या कामाबद्दल आहे. साड्या, दुपट्टे, भरतकामाचा दोरा किंवा भिंतीवर लावायची वस्त्रचित्रं, यांपैकी काहीही करायचं असलं तरी सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात सुती कापडावर करा. मांजरपाट, खादी, मलमल, काहीही चालेल, फक्त त्यात पॉलिएस्टर नको. धाग्याचं टोक जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते; पॉलिएस्टर वितळून कडक गुठळी होते. मग कापड कोरडं असताना वजन करा आणि तो आकडा वहीत लिहा. पुढची हिरडा, तुरटी, सालं, मुळं, सगळी मापं या वजनावर अवलंबून असतात. पाण्याच्या लिटरवर किंवा चमचा-वाटीवर विसंबून केलेला रंग पुन्हा तसाच आणता येत नाही. पुढे मी अर्धा किलो सुती कापड धरून मापं देते आहे.

दुकानातून आणलेलं कापड कितीही पांढरंशुभ्र दिसो, त्यात खळ असते, मेण असतं, मागावरचं तेल असतं. मोठ्या पातेल्यात आठ-दहा लिटर पाणी, त्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा सौम्य साबण घालून कापड तास-दीड तास उकळा. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होतं. स्वच्छ दिसणाऱ्या कापडातून एवढं निघालेलं पाहून पहिल्या वेळी प्रत्येकजण चकित होतो. पाणी फारच गढूळ झालं तर पुन्हा एकदा उकळा. झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर धुलाई अपुरी आहे, लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. रंगात डाग पडणं, घडीच्या रेषा उमटणं, एक टोक गडद तर दुसरं फिकं येणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या धुलाईत असतं. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यात उकळू नका, त्यांचा तंतू खराब होतो. रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलं की पुरे.

हिरडा आणि तुरटी

कापसाचा तंतू आणि वनस्पतीचा रंग यांचं आपसूक जमत नाही. मध्ये धातूचा क्षार लागतो. पाठ्यपुस्तकं त्याला रंगबंधक म्हणतात. सर्वांत सुरक्षित आणि जुना म्हणजे तुरटी. रेशीम आणि लोकर हे प्राणिज तंतू तुरटी सरळ धरून ठेवतात. कापूस तसा धरत नाही, म्हणून आधी त्याला टॅनिन पाजावं लागतं. टॅनिन कापसाला चिकटतं, टॅनिनला तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि त्याला रंग. आपल्याकडे हे टॅनिन म्हणजे हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो, आणि अजरख, बगरू, कलमकारी या सगळ्या छपाईंची सुरुवात हिरड्यानेच होते.

१०० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्या. त्यात आणखी पाणी घालून ओलं कापड चार-पाच तास, जमल्यास रात्रभर बुडवून ठेवा आणि अधूनमधून हलवा. बाहेर काढून पिळा, खळबळू नका, आणि उन्हात पसरून वाळवा. कापड फिकट पिवळं-खाकी होतं. या अवस्थेत त्याला लोखंडाचा स्पर्श होऊ देऊ नका. गंजलेली तार, लोखंडी बादलीची कड, इतकंच काय गंजका चिमटाही त्यावर काळा डाग पाडतो आणि तो डाग जात नाही. नायलॉनची दोरी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचे चिमटे वापरा.

आता तुरटी. ७५ ते १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. वेगळ्या भांड्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून तो तुरटीच्या पाण्यात हळूहळू ओता. फेस उसळतो, म्हणून भांडं मोठं हवं. फेस बसल्यावर पाणी वाढवा, कापड घाला आणि कोमट पाण्यात निदान दोन तास, शक्य असेल तर रात्रभर ठेवा. नंतर एकदाच हलकं खळबळून घ्या. रेशमासाठी हिरडा आणि सोडा दोन्ही नकोत; वजनाच्या १५ टक्के तुरटी, पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडं अधिक गरम, आणि उकळी अजिबात नाही.

हिरड्याला स्वतःचा पिवळट रंग आहे. लाल, तपकिरी, काळा हवा असेल तेव्हा तो मदतच करतो; स्वच्छ लिंबासारखा पिवळा किंवा फिका गुलाबी हवा असेल तेव्हा आड येतो. अशा वेळी मायफळ घ्या, त्याचं टॅनिन जवळजवळ रंगहीन असतं. बाळगुटीचा डबा उघडला तर हिरडा, मायफळ, हळकुंड असं रंगाऱ्याचं बरंचसं सामान त्यातच सापडतं.

पाण्याचंही बघायला हवं. २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावचं पाणी बदललं, त्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं, आणि अजरख छापणाऱ्या कित्येक खत्री कुटुंबांना भुजजवळ नवी वसाहत करावी लागली. तीच आजची अजरखपूर. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव सोडणारे लोक उगाच घाबरलेले नव्हते: लोहयुक्त पाण्यात पिवळा मळका होतो आणि लाल काळवंडतो. तुमच्या बोअरच्या पाण्याची परीक्षा घरी होते. एका ग्लासात ते पाणी आणि दुसऱ्यात विकतचं शुद्ध पाणी घेऊन दोन्हींत चिमूटभर हिरडा टाका. तासाभराने बोअरचं पाणी करडं-निळसर दिसलं तर त्यात लोह आहे. मग पावसाचं पाणी साठवा किंवा गाळलेलं वापरा. नुसतं जड, म्हणजे चुन्याचा अंश असलेलं पाणी मात्र लगेच वाईट ठरवू नका, मंजिष्ठेचा लाल त्यात अधिक खुलतो.

चार वस्तूंचं घर

नवशिक्यांनी तीस वनस्पती गोळा करण्यात वर्ष घालवू नये. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठा आणि नीळ एवढ्या चार गोष्टी, सोबत तुरटी आणि लोह, एवढ्यात काळा, करडा, पिवळा, मेंदी, लाल, गुलाबी, जांभळट तपकिरी, निळा आणि हिरवा असं पूर्ण घर उभं राहतं. आणि या चौघांचेही रंग टिकाऊ आहेत.

डाळिंबाची साल फुकट मिळते. रसवाल्याकडे पिशवी देऊन ठेवा, सालं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. कापडाच्या वजनाइतकी वाळली साल रात्री भिजत घालून सकाळी तासभर उकळा आणि गाळा. हिरडा-तुरटी केलेलं कापड ओलं करून त्यात टाका, मंद आचेवर पाऊण तास ठेवा, सतत वरखाली करा आणि त्याच पाण्यात निवू द्या. मोहरीसारखा उबदार पिवळा येतो. सालीतही भरपूर टॅनिन असल्यामुळे तिचा रंग धुण्याला चांगला उभा राहतो.

मंजिष्ठेला घाई चालत नाही. मुळं कुटून घ्या किंवा पूड आणा, कापडाइतकं वजन घ्या आणि रात्रभर भिजवा. भिजवलेलं पहिलं पिवळट-तपकिरी पाणी अनेक रंगारी टाकून देतात, म्हणजे लाल स्वच्छ येतो. मग ताजं पाणी, कापड आत, आणि आच इतकी मंद की ६०-७० अंशांपर्यंत पोचायला तास लागावा. पुढे आणखी तासभर तिथेच ठेवा, मग गॅस बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. खळखळून उकळलंत तर लालाऐवजी विटकरी-तपकिरी हाती येतो. उरलेलं पाणी टाकू नका. दुसऱ्या खेपेला त्यातून फिकट विटकरी निघतो, तिसऱ्या खेपेला गुलाबी, आणि कितीतरी वेळा तो गुलाबीच सगळ्यांत सुंदर असतो.

लोहासाठी हिराकस वापरा, किंवा गंजके खिळे, गूळ आणि पाणी बरणीत दोन-तीन आठवडे ठेवून काळं पाणी बनवा. छपाईवाले असंच करतात आणि त्यात चिंचोक्याचं पीठ घालून ते दाट करून ठशाने छापतात. हिरडा केलेलं कापड या पाण्यात घातलं की डोळ्यांदेखत करडं होतं. डाळिंबाचा पिवळा मेंदीच्या हिरव्याकडे झुकतो आणि मंजिष्ठेचा लाल जांभळट होतो. अर्ध्या किलोला ५ ते १० ग्रॅम हिराकस, पाच-दहा मिनिटं, बस. लोह जास्त झालं तर सुती तंतू ठिसूळ होतो. जुन्या कलमकारी वस्त्रांत काळी रेघ होती तिथेच कापड झिजून भोकं पडलेली दिसतात, त्याचं कारण हेच. लोहाची बादली, काठी, हातमोजे, सगळं वेगळं ठेवा.

निळीला तुरटी लागत नाही

निळीचं शास्त्र वेगळं आहे. तिचा निळा कण पाण्यात विरघळतच नाही. ऑक्सिजन काढून घेतलेल्या, अल्कधर्मी पाण्यात तो हिरवट-पिवळ्या विरघळणाऱ्या रूपात जातो, तंतूत शिरतो, आणि हवा लागली की पुन्हा निळा होऊन आत अडकून बसतो. दक्षिणेतले रंगारी यासाठी टाकळ्याच्या बियांचा काढा घालून पिंप आंबवत. तोच टाकळा, ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो. पुण्या-नगरकडे निराळी नावाच्या समाजाचा निळीनं कापड रंगवण्याचा धंदा होता. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर वनस्पतीच्या निळीचा व्यापार बघता बघता कोसळला.

आंबवण्याचं पिंप सांभाळायला अनुभव लागतो. घरी सुरू करायला मिशेल गार्सिया या फ्रेंच रंगतज्ज्ञांनी लोकप्रिय केलेली रीत चांगली: एक भाग नीळ, दोन भाग विरवलेला चुना, तीन भाग फळसाखर. फळसाखरेऐवजी गूळ चालतो, थोडा जास्त घ्यावा लागतो. दहा लिटरच्या उंच भांड्यासाठी ३० ग्रॅम नीळ पाण्यात खलून गुळगुळीत करा, हाताला चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात गूळ विरघळवा, त्यात नीळ घाला, शेवटी चुना थोडा थोडा घालत काठीने एकाच दिशेने, पाणी न फेसाळता ढवळा. चुना डोळ्यांत आणि हातांवर जाऊ देऊ नका, चष्मा आणि हातमोजे घाला. तासाभरात वर तांबूस चकाकणारी साय आणि निळा फेस जमतो, आणि खालचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं तर पिवळट-हिरवं, पारदर्शक दिसतं. तसं दिसेपर्यंत कापड घालू नका. पाणी निळंच राहिलं तर भांडं थोडं गरम करा, गूळ वाढवा आणि वाट पाहा. पीएच पट्टीवर आकडा १०च्या खाली गेला असेल तर चुना घाला.

कापड ओलं करून, पिळून, फेस बाजूला सारून हळूच उतरवा. तळाचा गाळ ढवळला जाऊ नये. दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढा. हिरवं कापड वाऱ्यावर निळं होत जाताना मी कितीही वेळा पाहिलं तरी हातातलं काम थांबवून बघत राहते. गडद निळ्यासाठी एकदाच जास्त वेळ बुडवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ पुन्हा पुन्हा बुडवा. असा रंग घासला गेला तरी कमी निघतो. हिरवा हवा असेल तर आधी निळा करा, नीट धुवा, मग हिरडा-तुरटी करून डाळिंबाचा पिवळा चढवा.

नीळ विकत घेताना दोन गोष्टींत गल्लत होते. पांढऱ्या कपड्यांना घालायची दुकानातली नीळ ही वनस्पतीची नीळ नव्हे, तिचा इथे काही उपयोग नाही. केसांसाठी मेंदीबरोबर विकतात ती हिरवट पूड म्हणजे निळीचा वाळवलेला पाला. या पिंपासाठी पाल्यातून काढलेल्या घट्ट निळ्या वड्या किंवा त्यांची पूड हवी.

जे रंग टिकत नाहीत

बीट, जास्वंद, जांभूळ यांचे रंग कापडावर टिकत नाहीत. कितीही तुरटी घाला, मीठ घाला, व्हिनेगर घाला. हळद धुण्याला बरी टिकते पण उन्हात उडते, आणि साबण लागला की लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं त्याचंही कारण हेच. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी लाल, पारिजातकाच्या देठांचा केशरी, पतंगाच्या लाकडाचा लाल हे मोहक आहेत, पण प्रकाशाला नाजूक आहेत. मुलांच्या शिबिरात, सणाच्या एका दिवसासाठी, चित्राच्या खालच्या थरासाठी त्यांचा आनंद जरूर घ्या. विकायच्या साडीवर त्यांचा भरवसा धरू नका.

झेंडू मधला. तुरटीवर त्याचा पिवळा प्रसन्न येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. पाकळ्या काढून हिरवी देठं टाका, वाळवलेल्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या घ्या. देवळातलं निर्माल्य आणत असाल तर दोरा, जर, प्लॅस्टिक काढाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हारांतली कण्हेरीची फुलं एकूण एक वेचून बाजूला करा. कण्हेर विषारी आहे, ती पातेल्यात उकळायची नाही. वनस्पतीची म्हणून वस्तू निरुपद्रवी असते असं समजू नका. मोरचूद आणि क्रोमचे क्षार जुन्या पुस्तकांत सुचवलेले दिसतील. रंग खुलवण्यासाठी ते घरात आणू नका. रंगाची भांडी, गाळणी, चमचे स्वयंपाकात पुन्हा जाता कामा नयेत. पूड चाळताना नाकाला रुमाल बांधा आणि काम उघड्यावर करा. साल हवी म्हणून उभ्या झाडाची साल सोलू नका. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल काढली की झाड मरतं. छाटलेल्या फांद्या, गळलेली साल, बाजारातला कचरा यांत भरपूर रंग आहे.

टिकाऊपणाबद्दल कुणाच्याही शब्दावर, माझ्याही, विसंबू नका. प्रत्येक रंगाची हातभर पट्टी राखून ठेवा. तिचे तीन तुकडे करा. एक वहीत, अंधारात. दुसरा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून, दक्षिणेच्या खिडकीत तीन-चार आठवडे. तिसरा रोजच्या कपड्यांबरोबर, घरच्याच साबणात, पाच वेळा धुवा. मग तिन्ही शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. वहीत तारीख, कापडाचं वजन, पाणी कुठलं, हिरडा-तुरटी किती, वनस्पती कुठून आणि कधी आणली, किती वेळ, किती आच, हे सगळं लिहा. सांगोल्याच्या डाळिंबाची साल आणि रसवाल्याकडची मिश्र साल वेगळा पिवळा देतात, हे सहा महिन्यांनी आठवत नाही, वहीत मात्र सापडतं. अशी वही हाच वस्त्रकलावंताचा खरा संग्रह असतो, आणि ती दुसऱ्याला दाखवायला कचरू नये असं मला मनापासून वाटतं. कारण हे ज्ञान एकेका घरात बंद राहिलं, म्हणूनच कृत्रिम रंग आल्यावर ते इतक्या लवकर विस्मरणात गेलं.

कापड विकताना सोबत चिठ्ठी द्या: कशात रंगवलं आहे, पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा रंग सुटेल, रिठा किंवा सौम्य साबण वापरा, लिंबू-व्हिनेगर लावू नका, सावलीत वाळवा. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहिण्यापेक्षा ‘हिरडा, तुरटी, मंजिष्ठा’ असं लिहिलेलं गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचं. आणि कुणी वर्षा-दोन वर्षांनी फिकुटलेला पिवळा दुपट्टा परत घेऊन आलं तर नाही म्हणू नका. तो धुऊन निळीच्या पिंपात दोनदा बुडवला की हिरवा होतो, किंवा पुन्हा हिरडा करून लोहाच्या पाण्यातून काढला की करडा होतो. या दुरुस्तीचे पैसे किती घ्यायचे हे पहिल्या विक्रीच्या वेळीच सांगून ठेवा.